दाऊदचाचांचा दुसरा फेरा

पाटोद्याच्या आठवडी बाजारात दाऊदचाचा फोनोवर, म्हणजे ग्रामोफोनच्या पेटीवर, प्रत्येक तबकडी दोनदा वाजवायचे. पहिल्या फेऱ्याला कर्ण्यात डोकावून आत गाणारी बाई कुठे बसली आहे ते लोकांनी खुशाल शोधावे. दुसऱ्या फेऱ्याला मात्र सगळ्यांनी फोनोकडे पाठ करून बसायचे. "डोळ्याची हौस फिटली? आता कान लावा," एवढेच चाचा म्हणायचे.

औरंगाबादच्या एका व्यापाऱ्याचे फोनो विकणे हा त्यांचा धंदा. पण गिऱ्हाईक किंमत विचारू लागले की चाचाच उलटे विचारायचे, काय ऐकलं? सांगता आले नाही तर विक्री नाही. मी तेव्हा निजामाच्या शाळेत मास्तर होतो. ऐटीत रागाचे नाव सांगून टाकले.

"नाव म्या कुठं विचारलं, मास्तर? ऐकलं काय, ते सांगा."

तेव्हापासून दर बाजाराला पाठ करून बसू लागलो. बाई दम कुठे घेते, सारंगी कुठे तिच्या मागे रेंगाळते, हे हळूहळू कळू लागले. असा गुरू मला पुन्हा भेटला नाही.

एकदा सटवाजी धनगर उठून म्हणाला, "चाचा, बाईचा गळा बसलाय. मागल्या बाजारी चढा व्हता."

लोक खो खो हसले. चाचाही हसले. "तबकडीतली बाई हाय बे. तिला पडसं कशानं व्हईल?"

पण आवाजावरून मेंढरे ओळखणारा माणूस तो, हटेना. मी नीट ऐकले. खरेच, आवाज उतरला होता. जुनी स्प्रिंग तुटू नये म्हणून चाचा किल्ली कमी देत होते आणि तबकडी सावकाश फिरत होती. ते त्यांना ऐकूच आले नव्हते.

बाजार पांगल्यावर म्हणाले, "कान चालले, मास्तर. मालकाला कळलं तर पेटी नेईल."

पुढच्या बाजारी त्यांनी सटवाजीला शेजारी बसवले. किल्ली किती द्यायची हे तो खुणेने सांगायचा. गिऱ्हाइकाने काय ऐकले ते सांगितले की चाचा सटवाजीच्या मानेकडे बघायचे; ती होकाराने हलली तरच विक्री. वर्षभर निभले. मग मालकाला कळायचे ते कळलेच.

पेटी जायच्या दिवशी शेवटची तबकडी लागली. दुसऱ्या फेऱ्याला चाचाही पाठ करून बसले. गाणे संपले तरी हलेनात. मी खांद्याला हात लावला, तेव्हा वळले.

"काय ऐकलं, मास्तर?"

मी एकेक जागा सांगत गेलो. चाचा माझ्या ओठांवरची नजर काढत नव्हते. जन्मभर लोकांना पाठ फिरवायला लावणारा माणूस आता डोळ्यांनी ऐकत होता.

"सारंगी राहिली," ते म्हणाले. "पुन्हा सांगा."