कम्प्युटरवरच्या दोन मुली

नातवंडांनो, तुमचा गृहपाठ कम्प्युटरवरच दिला जातो आणि तिथंच तपासला जातो, हे परवा फोनवर तुम्ही मला फार सांभाळून समजावलंत. आभारी आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी हा चमत्कार करून बसले आहे.

आमच्या संस्थेची दोन कॉलेजं होती, एक जळगावला आणि एक धुळ्याला. मुख्य मशीन धुळ्याला, आमच्याकडे दोन कम्प्युटर, आणि मध्ये टेलिफोनची लाइन. धडे, गृहपाठ, गुण, हजेरी सगळं त्यावर चढवायचं, असा हुकूम निघाला. त्यासाठी आम्हा नऊ प्राध्यापकांना दोन दिवस धुळ्याला प्रशिक्षणाला नेलं. पहिल्या दिवशी उद्घाटन, सत्कार आणि शेवभाजी झाली. दुसऱ्या दिवशी वीज नव्हती. पुण्याच्या प्रशिक्षकांनी कम्प्युटरचा पडदा खडूने फळ्यावर काढला. 'इथे क्लिक करा' म्हणत ते फळ्यावर बोट ठेवत आणि आम्ही वहीत बाण काढत असू. संध्याकाळी आम्हाला प्रावीण्याची प्रमाणपत्रं मिळाली.

मी वहीबरहुकूम कामाला लागले. माझा वर्ग उघडला, अकरा गृहपाठ चढवले, गुण भरले. हजेरी ऑफिस भरत असे. तरी माझी स्वतःची हजेरीवही मी चालू ठेवली, कारण मशीनवर माझा विश्वास होता, तारेवर नव्हता.

फेब्रुवारीत परीक्षेला पात्र मुलांची यादी निघाली. माझी एक हुशार विद्यार्थिनी तीत नव्हती. मशीनवर पाहिलं तर तिचे गुण उत्तम, पण हजेरी दिवाळीला संपलेली. त्याखाली आणखी एक मुलगी होती, दिवाळीपासून रोज हजर, गुण मात्र शून्य. मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

दोघी एकच होत्या. असोद्याच्या या मुलीचं दिवाळीनंतर फैजपूरला लग्न झालं. सासरी तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं, आडनावासकट ती पूर्ण बदलली. सासऱ्यांनी कॉलेजात नावबदलाचा अर्ज दिला. मी मात्र तिला जुन्याच नावाने हाक मारत होते आणि तीही ओ देत होती.

हेडक्लार्क नाना धुळ्याकडचे, नियमाला पक्के. त्यांना यात काहीच चूक दिसेना. ते म्हणाले, "मॅडम, माझं बठ्ठं बरोबर शे. नवं नाव आलं, नवी नोंद केली."

प्रशिक्षकांना फोन लावला. दोन नोंदी जोडता येत नाहीत, एक काढून टाका, असा सल्ला मिळाला. तुमच्याकडे मुली वारंवार नाव बदलतात का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, लग्नापुरतंच.

मुलीला बोलावलं. फैजपूरहून ती रोज बसने येत असे, तेही पदवीचं हे शेवटचं वर्ष संपेपर्यंतच, असं सासरी ठरलं होतं. हे वर्ष हुकलं तर पुन्हा कोणी पाठवणार नव्हतं. नव्या नावापुढे अकरा गृहपाठांचे गुण भरायचे की जुन्या नावापुढे तीन महिन्यांची हजेरी, एवढाच प्रश्न होता. अकरा आकडे सोपे, हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. केवळ रीत म्हणून तिला विचारलं.

"जुनंच राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "सासरचं कोण इथं पाह्याले येते?"

मग माझी वही उघडली. ती एकेक तारीख वाचत होती, मी भरत होते. लाइन तीनदा तुटली, तीनदा डिसेंबर पुन्हा भरला. शेवटी खुर्ची तिला दिली आणि नको असलेली नोंद कशी काढायची ते दाखवलं. तिने नव्या नावावर बाण नेला. मशीनने विचारलं, नक्की काढून टाकायचं? तिने मला विचारलं नाही. एंटर दाबलं.

सुधारलेल्या यादीत ती एकदाच होती, माहेरच्या नावाने, परीक्षेला पात्र. नानांनी यादी दोनदा तपासली आणि सही केली. लग्नासाठी तीत रकाना नव्हता.