दहा झाले तरी

एरुशाबाई नागावकरांच्या हातचा प्रार्थनेचा मलिदा खाल्ला नाही असं एकही बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू घर अमेरिकेतल्या आयसेलिनच्या आसपास सापडायचं नाही. पोहे किती भिजवायचे, खोबरं किती, वेलची कधी, सगळं त्यांच्या शब्दावर. मुंबईत तीस वर्षं नर्स होत्या. वॉर्डात त्यांचं चालायचं तसंच इथंही चाले. बाई प्रेमळ, पण जीभ? ती कोणाच्या बापाला ऐकत नसे.

त्या जिभेनंच घात केला. दोन हजार सहाच्या वल्हांडण सणानंतर सगळे जमले होते. मंडळीतल्या सॅमसनची बायको मालिनी मलिदा कालवायला परातीशी बसली, तर बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "राहू दे गं. हे आपल्या माणसांचं काम आहे." मालिनी पुण्याची, हिंदू घरातली, लग्नाला अकरा वर्षं झालेली. तिनं हात पुसले, पर्स उचलली आणि गेली. त्या दिवसापासून सॅमसननंही येणं सोडलं. "बायकोला दार बंद, तर मलाही बंद," एवढाच त्यानं निरोप धाडला.

बाईंनी नाक मुरडलं. मी काय वाईट बोलले? सांभाळलं नाही तर उरणार काय आपलं? ही आपली सांगायची कारणं. 'माझं चुकलं' म्हणायला पंचाहत्तराव्या वर्षी जीभ वळत नाही, हे खरं.

जूनमध्ये त्यांच्या यजमानांची, हाईमरावांची, वर्षाची प्रार्थना आली. रविवारी दुपारी भाड्याच्या हॉलमध्ये मंडळी जमली. मेलेल्यासाठीची प्रार्थना, कद्दिश, म्हणायला दहा पुरुष लागतात. मोजले तर नऊच. बाईंचा मुलगा म्हणाला, "जवळच्या सिनेगॉगमध्ये फोन करतो. कोणीतरी येईल पाच मिनिटांत."

प्रार्थना चालवणारे रूबेनकाका चष्मा पुसत म्हणाले, "आपला माणूस दोन गल्ल्या सोडून घरी बसलाय आणि दहावा आपण बाहेरून आणायचा? आत्ताच तर शास्त्रात वाचलं. मोशेनं कूशी, परक्या लोकांतली बायको केली म्हणून त्याची बहीण मिर्याम त्याला टाकून बोलली. तिला कोड फुटलं, सात दिवस तळाबाहेर ठेवलं. पण ती परत येईपर्यंत अख्ख्या इस्राएलनं तळ हलवला नाही. थांबले सगळे."

बाईंना हा अध्याय पाठ होता. आजवर तो त्यांनी शिक्षेचा म्हणूनच वाचला होता, आणि शिक्षा काय, नेहमी दुसऱ्याची. आज मात्र चांगलाच झोंबला. त्या उठल्या आणि कोणाला न सांगता चालत निघाल्या.

दार मालिनीनंच उघडलं. बाईंना धाप लागली होती. "माझं चुकलं गं. सगळ्यांदेखत बोलले, सगळ्यांदेखतच परत घेईन."

"ठीक आहे काकू," मालिनी कोरडेपणानं म्हणाली. "सॅमसनला पाठवते, काकांचं अडायला नको. मी नाही येणार." सॅमसन मागे बूट घालतच होता.

झालं की काम! दहा भरले. बाईंनी खुशाल जावं, नवऱ्याचा कद्दिश ऐकावा. त्यासाठीच तर महिनाभर झोप उडाली होती. पण बाई तिथंच पायरीवर बसल्या. "तू हो पुढे," त्या सॅमसनला म्हणाल्या. "सुरू करा म्हणावं. मी हिच्याशिवाय येत नाही."

"काकू, हा हट्ट झाला," मालिनी म्हणाली.

"हट्टीच आहे मी. विचार कोणालाही."

मालिनी आत जाऊन ओढणी आणि किल्ल्या घेऊन आली. "चला. चालत नका येऊ, मी ड्राइव्ह करते."

हॉलमध्ये कोणी सुरुवातच केली नव्हती. दहाही जण उभे राहून वाट पाहत होते. बाईंनी आधी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि मालिनीला शेजारी बसवून घेतलं. कद्दिश सुरू झाला. पहिलं आमेन सगळ्यांचं म्हणून झालं, आणि मागाहून मालिनीचं आलं, एकटंच. बाईंना तिचं ते एकटं पडणं खटकलं. पुढच्या वेळी सगळे आमेन म्हणाले तेव्हा त्या गप्प राहिल्या, क्षणभर थांबल्या, आणि मग मालिनीबरोबर म्हणाल्या.