आबा गुरवांचं गाऱ्हाणं

सर्व्हिस मोटारीत चढताना आबा गुरव आधी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेत आणि मग डायव्हरला विचारत, "जेवून आलास काय? नसलास तर आदी भाकरी खाऊन ये. आमी थांबताव. भुकेला डायवर घराकडं बगतो, रस्त्याकडं नाय." हे 'आमी थांबताव' ते सगळ्या मोटारीच्या वतीनं परस्पर सांगून टाकत. त्यात मीही आलो. मी रत्नागिरीच्या कचेरीत कारकून. शनिवारी घरी यायचं, सोमवारी सकाळी परत जायचं, आणि उशीर झाला की शिरस्तेदारांची बोलणी खायची, असा माझा क्रम होता.

आबा आमच्या ग्रामदेवाचे गुरव. अंगानं काटकुळे, पण गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की आवाज पार नदीपलीकडं जाई. सोमवारी पत्रावळींचा भारा घेऊन ते रत्नागिरीच्या एका खानावळीत पोचवायला निघत, म्हणून आमची गाठ पडे. तिसाच्या सालाच्या आसपासची गोष्ट. लांज्याच्या रस्त्यावर तेव्हा दोन मालकांच्या मोटारी धावत. जी आधी थांब्यावर पोचेल तिला उतारू, त्यामुळं दोघींची रोज शर्यत लागे. त्यातल्या एकीवरचा यशवंता म्हणजे नुसता वारा. अर्थात मी नेहमी यशवंताच्याच मोटारीत बसे, आणि बसल्यावर डोळे मिटून घेई.

एका सोमवारी देवळाखालच्या वळणावर यशवंतानं दुसऱ्या मोटारीला मागं टाकायला गाडी आत घातली आणि समोरून येणारी बैलगाडी गटारात गेली. गाडीवान वाचला, बैलाचा पाय मोडला. देवळातच शाळा भरे. अर्ध्या तासानं त्याच वळणावर पोरांची रांग असती. मी डोळे उघडले तेव्हा आबांचं पागोटं माझ्या दोन्ही मुठींत होतं. ते त्यांनी हळूच सोडवून घेतलं.

मोटार सुरक्षित उभी आहे अशी खात्री पटताच माझा राग अनावर झाला. "याला मी सोडणार नाही. कचेरीतला माणूस आहे मी," असं मी चारचौघांत बोलून गेलो. आबांनी ते खरं धरलं.

"मंग भाऊ, तुमीच करा तक्रार. तुमचं आयकतील ते."

शनिवारी मी रत्नागिरीत फौजदारांकडं गेलो. भाषण पाठ करून गेलो होतो. तेव्हा फौजदार लांज्याला निघायच्या गडबडीत होते. "चला, वाटेत बोलू," म्हणाले. वाटेत म्हणजे यशवंताच्या मोटारीत. ते पुढं यशवंताशेजारी बसले, मी मागं, आणि त्यांची आंब्याची करंडी माझ्या मांडीवर. "हाण रे यशवंता, उशीर झालाय," एवढंच ते वाटेत बोलले. आमच्या थांब्यावर आबा उभे होते.

"झाली काय तक्रार?"

"सुरुवात झाली आहे," मी म्हणालो.

आबा हसले नाहीत. "बरं. आता मी माज्या सायबाकडं जातो."

रविवारी सकाळी त्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. सगळा गाव जमला. निरोप धाडला होता म्हणून यशवंताही आला आणि हाताची घडी घालून खांबाशी उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरं आज तुज्यासमोर उबी हायत," आबांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"त्येंच्या वाटेवर ह्यो यशवंता मोटार उधळतोय."

"व्हय म्हाराजा."

"उद्या एकांदं पोर त्याच्या चाकाखाली गावंल."

या खेपेला सर्वांत मोठा आवाज यशवंताचा होता. जन्मभराची सवय, बिचाऱ्याच्या तोंडून निघून गेलं. लोक वळून बघायला लागले. मला हसू आवरेना.

"आनि आमची शिकलेली मंडळी," आबा पुढं म्हणाले, "घरला घटकाभर आदी पोचाया पायजे म्हनून त्याच्याच मोटारीत बसतात."

बाकीचे सावध होऊन गप्प राहिले होते. त्यामुळं माझा एकट्याचा "व्हय म्हाराजा" देवळात घुमला.

"त्याच्या हातापायाला काय करू नको," आबांनी शेवट केला. "त्याची पोरंबाळं सुकी ठेव. फकस्त त्या वळनावर त्येला आमची समद्यांची तोंडं दिसू देत."

यशवंता बदलला. वळणाआधी मोटार थांबवी, क्लीनर खाली उतरून पुढं बघून येई, मग गाडी हले. व्हायचं तेच झालं. उतारू दुसऱ्या मोटारीनं जाऊ लागले, आणि त्यांत पहिला मी. महिनाभरात यशवंताच्या मालकानं त्याला घरी बसवायची भाषा सुरू केली. त्यानं ते येऊन आबांना सांगितलं.

"आता त्याला आपण काय करणार?" मी म्हणालो.

"भाऊ, तक्रार आपन केली. मंग आता त्याचं पोट आपल्याकडं आलं."

दुसऱ्या दिवसापासून आबा सकाळी काठी घेऊन थांब्यावर. दुसरी मोटार आली की काठी आडवी. "मागनं येते ती मोटार आपली." शिव्या त्यांनी पुष्कळ खाल्ल्या, त्यांतल्या बऱ्याच माझ्या, मनातल्या मनात दिलेल्या. पण मोटार भरू लागली आणि यशवंताची नोकरी राहिली. मी मात्र दर सोमवारी उशिरा पोचे. शिरस्तेदारांना कारणं देता देता मी एक आत्या दोनदा मारली.

असं तीन वर्षं चाललं. मग एका श्रावणात आबा तापानं गेले. पुढच्या सोमवारी थांब्यावर काठी नव्हती. दुसरी मोटार आली, निम्मी रिकामी. तिचा डायव्हर भोंगा वाजवत राहिला. मी एक पाय फळीवर ठेवला आणि मागं पाहिलं. थांब्यावरचं एकही माणूस जागचं हललं नव्हतं. मी पाय खाली घेतला आणि त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. यशवंताची मोटार यायला पुष्कळ वेळ लागला.

कचेरीत पोचलो तेव्हा शिरस्तेदारांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आज कोण गेलं?"

"आमचे आबा," मी म्हणालो, आणि मला भर कचेरीत रडू फुटलं.