सूर्य उजव्या हाताला होता

सूर्य सतत उजव्या हाताला ठेवून चालणारा माणूस फिरून त्याच जागी येऊ शकतो का? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. मी शाळेत भूगोल शिकवीत असे. दिशा हा माझा विषय होता.

निर्वासित येऊन काही वर्षे झाली होती, तरी उल्हासनगरला सगळे अजून कॅम्पच म्हणत. आमची शाळा तिथल्या एका बराकीत भरे. दारूबंदीचा काळ. सकाळची शाळा सुटल्यावर मागच्या गल्लीत एका हातभट्टीवाल्याने आपल्या भागीदाराला सुऱ्याने भोसकलेले मी पाहिले. समोरच्या दुकानातल्या हशू नावाच्या सिंधी शिंप्यानेही पाहिले... आणि त्या खुन्याने आम्हां दोघांना पाहिले.

हशूशी तोवर मी एक शब्दही बोलले नव्हते. त्याने मला दुकानात ओढले, मागच्या दाराने बाहेर काढले, आणि आम्ही पळालो. कॅम्पातल्या चौकीत खुन्याची ऊठबस होती, स्टेशनवर त्याची माणसे. माझे मामा खरवईचे पोलीस पाटील होते. त्यांच्यापर्यंत पोहोचलो तर साक्ष होणार होती. नाही तर आमचीही प्रेते कुठल्या तरी नाल्यात सापडली असती.

अंबरनाथ ओलांडले, पालेगाव मागे टाकले. मागावर खुन्याचे दोघेजण होते, पालेगावच्याच भागातले. भातकापणी झाली होती, शेते मोकळी, नजर लांबवर जाई. खरवई दक्षिणेला. दुपारचा सूर्य मलंगगडाकडे, म्हणजे आमच्या उजवीकडे, कललेला. तो उजवीकडे ठेवायचा आणि चालायचे... चुकण्यासारखे काहीच नव्हते.

बांधावरचे एक वाकडे चिंचेचे झाड ओलांडले. काही वेळाने पुन्हा तसेच झाड आले. हशूने खिशातली अस्तराची चिंधी त्याच्या फांदीला बांधली. सूर्य उजवीकडेच ठेवून आम्ही चाललो — आणि समोर तीच चिंधी.

याला आमच्याकडे चकवा म्हणतात. रीत अशी, की चकवा लागला की वहाणा काढून जागीच बसायचे, तो उतरेपर्यंत. त्यात जे कोणी दिसेल त्याला हाक मारायची नाही, त्याच्या हाकेला ओ द्यायची नाही. मी हशूला हे सांगितले, आणि माझा यावर विश्वास नाही हेही सांगितले.

तो हसला. "बसला तो मेला, अदी," तो म्हणाला. सिंधीत अदी म्हणजे ताई. "सिंध सोडला तेव्हापासून मी बसला नाय. चल."

चाललो. पुन्हा ते झाड आले तेव्हा त्याच्याखाली दोन माणसे बसली होती. वहाणा काढून शेजारी ठेवलेल्या, कोयते मांडीवर. आमच्याच मागावरचे ते दोघे. परतायला आडोसा नव्हता. मी मान वर केली आणि सरळ त्यांच्यासमोरून चालू लागले. धाकट्याने माझ्याकडे पाहिले, तोंड उघडले. थोरल्याने त्याचा दंड धरला.

"त्यांच्याकरं बघू नको. हाक मारू नको. चकवा हाय तो."

धाकट्याने डोळे मिटून घेतले. आम्ही पुढे गेलो. त्यानंतर झाड पुन्हा आले नाही. ऊन असतानाच खरवई आली.

खटला उभा राहिला. इतक्या जवळच्या वाटेला एवढा वेळ का लागला, असे आरोपीच्या वकिलांनी विचारले. मामांनी बजावले होते, "बाई, वाट चुकलो म्हण. चकव्याचे नाव काढलेस तर साक्ष हसण्यावारी नेतील." पण वाट मी चुकले नव्हते. घडले तसे सांगितले. कोर्टात हशा पिकला. मी थांबले, तो ओसरू दिला, आणि खून कुठे उभी राहून पाहिला ते सांगू लागले. हशूने तेच सांगितले, चिंधीसकट. खुन्याला जन्मठेप झाली.

भीतीने भ्रम होतो, असे मला पुष्कळांनी ऐकवले. भीती आम्हांला होती. मागे कोयते घेऊन येणाऱ्यांना कशाची होती? ते त्या झाडाखाली का बसले? उत्तर मला आजवर मिळालेले नाही, आणि उगाच कोणाचे उधारीचे उत्तर मी घेणार नाही.

वाचकांना एवढीच विनंती. हिवाळ्यात, दुपार कलल्यावर, पालेगावाहून दक्षिणेकडे निघा. सूर्य उजव्या हाताला ठेवा आणि कुठे पोहोचता ते स्वतः पाहा.