सईची शाळा आणि आमची हजेरी

योकोहामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये चार मराठी घरं आहेत. शनिवारी कुणाकडे तरी पोहे होतात आणि पोह्यांबरोबर किस्से. बाकीच्यांचे किस्से ऑफिसचे, आमचे सगळे मुलीच्या शाळेचे. ते इतके साठलेत की शेजारचा शिरीष विचारतो, "शाळेत सई जाते की तुम्ही दोघं?" खरं सांगायचं तर तिघंही.

*

सई तेरा वर्षांची असताना माझं इथे पोस्टिंग झालं. पुण्यात पहिल्या पाचात येणारी पोरगी इथे एक अक्षर न कळता वर्गात बसायची. दोन महिन्यांनी म्हणाली, "मी उद्यापासून जाणार नाही."

इथे मूल येणार नसेल तर सकाळी शाळेला फोन करून कारण सांगावं लागतं. मला जपानीत एकच कारण पाठ होतं: मुलीचं पोट दुखतंय. तीन दिवस मी तेच सांगितलं. चौथ्या दिवशी वर्गशिक्षिका मोरी-सेन्सेई दारात उभ्या, हातात तांदळाच्या पेजेची चार पाकिटं!

सईने मान खाली घालून मोडक्या इंग्रजीत खरं काय ते सांगितलं. बाईंनी फोनवर टाइप करून मराठी भाषांतर माझ्यापुढे धरलं: "वर्ग नको वाटला तर नर्सच्या खोलीत बसावे. हजेरी लागेल. पेज मात्र खावी."

*

पहिला आठवडा मुग्धा, म्हणजे सईची आई, तिच्याबरोबर नर्सच्या खोलीत बसली. नुसतं काय बसायचं म्हणून नर्सबाईंनी तिलाही पहिलीचं अक्षरांचं पुस्तक दिलं. शुक्रवारी सई आईला दटावत होती, "हे अक्षर दहा वेळा लिही. रेघ खालून काढायची नसते."

इथे अभ्यास छान झाला की वहीत लाल शाईचं फूल काढतात. नर्सबाईंनी दोघींना काढून दिलं. त्यातलं एक आमच्या फ्रिजवर आहे. सईचं नाही, मुग्धाचं.

*

शाळेतून रोज सूचनांचे कागद येतात. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. ऑफिसातल्या कामासारखी प्रत्येक कागदाची 'तिकीट' म्हणून नोंद केली आणि रात्री जेवताना ऑफिससारखी, कुणाचं काय अडलंय ते विचारायची स्टँड-अप मीटिंग सुरू केली.

"सई, आजचा ब्लॉकर काय?"

"बाबा, ही मीटिंग."

त्या दिवसापासून जेवताना मी फक्त ऐकायचं ठरवलं. महिनाभर तिच्याकडून काही आलं नाही. मग एकदा ती बोलायला लागली ती थांबेचना, आमटी गार झाली.

*

एका कागदात लिहिलं होतं, फरशी पुसायला घरून शिवलेलं फडकं आणा. मुलंच शाळा झाडतात-पुसतात. मुग्धाने जुन्या सुती ओढणीच्या घड्या घालून गोधडीचे टाके मारले. मोरी-सेन्सेईंनी त्याने फरशी पुसू दिली नाही, वर्गाच्या भिंतीवर लावलं. कुणी शिवलं म्हणून एक मुलगी विचारायला आली. ती सईची इथली पहिली मैत्रीण. सई वर्गात बसू लागली ती तेव्हापासून.

*

आणि हा किस्सा माझा सगळ्यात आवडता, यात मी सगळ्यात मूर्ख दिसत असलो तरी.

इथे नववीपर्यंत शाळा सक्तीची. पुढे हायस्कूलला प्रवेश परीक्षा, तीही जपानीत. नववीत शिक्षक, पालक आणि मूल यांची एकत्र मीटिंग असते. सईचे हाल मला बघवत नव्हते. मी मनाशी ठरवूनच मुग्धाला घेऊन गेलो. मधे बसून भाषांतर करायला सईच होती.

मी म्हटलं, "मॅडमना सांग, परीक्षेचं ओझं नको. एप्रिलपासून आम्ही हिला पुण्याला आत्याकडे पाठवतोय."

सईने खुर्ची बाईंकडे वळवली. मग जपानीत बराच वेळ बोलली. मोरी-सेन्सेई उठल्या आणि त्यांनी मला कमरेत वाकून नमस्कार केला. मीही उठून तितकाच वाकलो.

स्टेशनकडे जाताना मी म्हणालो, "बाईंना किती पटकन पटलं."

मुग्धाला एव्हाना जपानी चांगलं कळायला लागलं होतं. ती म्हणाली, "सईने काय सांगितलं माहितेय? बाबा म्हणतात, 'अवघड आहे, पण मुलगी इथेच शिकेल. परीक्षेपर्यंत मी रोज तिच्याबरोबर अभ्यासाला बसेन.'"

सई आमच्यापुढे चालत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"मग तू तिथेच का नाही बोललीस?" मी मुग्धाला विचारलं.

"काय बोलायचं? भाषांतर चोख होतं."