उजव्या हाताची काळजी

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास पार ढिला पडला होता. आज हे लिहिताना संकोच वाटत नाही, तेव्हा स्वतःशी कबूल करायलाही जड जात होतं. वय एकाहत्तर. गावच्या दूध संस्थेत तीस वर्षं सचिव म्हणून काढली आणि त्या काळात धर्मापुरीच्या महादेवाचा सोमवार सहसा चुकवला नाही. दुसरं साल कोरडं चाललं होतं. संस्थेत येणारं दूध निम्म्यावर आलेलं, गावाला दिवसाआड टँकर. अशात एका सकाळी बायकोनं धुवायला घेतलेली माझी बनियन समोर धरली. उजव्या बाजूला तांबूस ठिपका होता.

"आवं, हे कशाचं?"

"घामोळं फुटलं असंल," मी म्हणालो. चार दिवसांनी पुन्हा तसाच ठिपका आला, तेव्हा तिनं मला खाटेवर बसवून स्वतः चाचपून पाहिलं. उजव्या छातीत सुपारीएवढी टणक गाठ होती. ती माझ्या हाताला महिनाभर आधीच लागली होती. तिला मात्र मी काही बोललो नव्हतो.

लातूरच्या दवाखान्यात सुईनं तुकडा काढून तपासला. स्तनाचा कर्करोग निघाला. पुरुषांनाही होतो, पण फार क्वचित, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. मी ऐकत होतो, पण मनात एकच घोळत होतं की हे लोकांना सांगायचं कसं. तपासणीच्या रांगेत सगळ्या बायकाच होत्या. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बाहेर थांबा, आजींना आत पाठवा." बायको शांतपणे म्हणाली, "पेशंट हे हायेत." बाकावरच्या सगळ्या नजरा माझ्याकडं वळल्या आणि मी हातातली फाइल छातीशी घट्ट धरली. गावात आल्यावर छातीत पाणी झालंय असं सांगून टाकलं. एवढे सोमवार केले त्याचं हे फळ का, असं मनात आलं आणि मी देवळात जायचं सोडलं.

डॉक्टरबाईंनी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, ऑपरेशन करून उजवी छाती आणि काखेतल्या गाठी काढायच्या, मग पाच वर्षं गोळ्या घ्यायच्या आणि पुढचा रिपोर्ट पाहून रेडिएशनचं ठरवायचं. दुसरी, माझ्या हृदयात आधीच एक स्टेंट होती, म्हणून नुसत्या गोळ्यांवर ठेवून गाठीवर लक्ष ठेवायचं. पहिली वाट जास्त खात्रीची, पण भूल देण्यात थोडी जोखीम. दुसरी सोपी, पण गाठ आतच राहणार. "काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येऊ शकते, सुरुवातीला वजन उचलायचं नाही," असंही त्या म्हणाल्या. आठ दिवसांत विचार करून या, असं सांगून त्यांनी पाठवलं.

मुलगा पुण्याहून रोज फोन करायचा, ऑपरेशनच करा म्हणायचा. माझं मन मात्र त्या उजव्या हातापाशी अडकलं होतं. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले. टँकर आला की हंडे मीच भरायचो. हा हात गेला तर तिला पाणी कोण आणून देणार? आणि दुसरं, जे मी कुणापुढं उच्चारलं नव्हतं, ते असं की पन्नास वर्षं जिच्यासोबत काढली तिच्यापुढं एका बाजूनं सपाट झालेलं अंग घेऊन कसं वावरायचं? म्हणून मी सगळ्यांना सांगू लागलो, "नुसत्या गोळ्या घेतो. बाकी देवाच्या हवाली." देवळात जाणं सोडलेला माणूस देवाचं नाव पुढं करत होता. बायकोला ते कळत असावं. ती एवढंच म्हणाली, "त्याच्या हवाली करायचं तर त्याला जाऊन सांगा तरी. सोमवारी जाऊ."

गेलो. धर्मापुरीचं ते जुनं दगडी देऊळ, आत गारवा. पिंडीपुढं उभा राहिलो आणि काही मागायलाच सुचेना. हात जोडले आणि बाहेर येऊन खांबाला टेकून बसलो. मागून बायको येत होती. उंच उंबऱ्यापाशी तिचा गुडघा अडला. तेवढ्यात साठीतल्या एका बाईनं तिच्या काखेत हात घालून तिला अलगद उचलून बाहेर घेतलं आणि माझ्यापासून चार हातांवर ओट्यावर बसवलं. बाई अनोळखी होती. लुगडं साधं, अंगानं काटक. बायकांच्या काय लक्षात येतं ते पुरुषांना कळत नाही. बायकोनं तिच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाई, तुमचं ऑपरेशन झालंय का?"

"तीन वर्सं झाली. उजवं काढलंय," ती म्हणाली. "का वो? तुमाला बी सांगितलंय का?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही. "व्हय," म्हणाली.

त्या बाईनं तिचा हात हातात घेतला. आणि मग बायको माझे प्रश्न एकेक करून स्वतःचे म्हणून विचारू लागली. मी ते तिला कधी सांगितले नव्हते, तरी तिला सगळे ठाऊक होते.

"हात चालतो का वो? पाणी भराया येतं?"

"आत्ता तुमाला उचललं ते ह्याच हातानं," बाई म्हणाली. "पहिले सा महिने घागर न्हाई उचलली. भितीवर कोळशानं रेघा वढल्या व्हत्या. रोज बोटं वर चढवायची. आज ह्या रेघंला, उद्या तिच्या वर. लई दुखायचं. मग सुटला हात."

बायकोनं पुढं विचारलं, "आन घरातलं माणूस? त्याला कसं वाटलं, तुमाला तसं बघून?"

"मालक म्हणले, तू हायस ना, मग झालं." ती सहज बोलून गेली. "तुमचे मालक न्हाई का तसं म्हणायचे?"

"मला इचारलं तर मी बी तेच म्हणीन," बायको म्हणाली.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती बोलत त्या बाईशी होती, पण सांगत मला होती. माझी लाज झाकायला तिनं माझा आजार स्वतःच्या अंगावर घेतला होता. मला ते सोसवेना. मी म्हणालो, "ताई, पेशंट मी हाय."

बाई माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "मग तुमचं तर सोपं हाय, दादा. तुमाला झंपर नवं शिवावं लागणार न्हाई." आधी बायको हसली, मग मीही. कित्येक दिवसांत आम्ही दोघं हसलो नव्हतो. बाई उठली, आत दर्शनाला गेली. आम्ही बराच वेळ थांबलो, पण गर्दीत ती पुन्हा दिसली नाही. नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं. नंतर कितीतरी सोमवारी शोधलं. ती कोण होती यावर मी काही म्हणत नाही. स्वतःचा नवस फेडायला आलेली एखादी बाई असेल. पण मी काही न मागता उभा होतो आणि उत्तर बाहेर ओट्यावर येऊन बसलं होतं, एवढं खरं.

ऑपरेशन झालं. हृदयानं साथ दिली, रेडिएशनची गरज पडली नाही. गोळ्या चालू आहेत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बायकोनं कोळशानं रेघा ओढल्या आणि रोज समोर स्टूल टाकून बसायची, माझं बोट वरच्या रेघेला लागेपर्यंत चहा द्यायची नाही. तोवर टँकर आला की गल्लीतल्या बाया आमचे हंडे आपल्याबरोबर भरून ठेवायच्या. आमच्या घरी पाण्याची एक दिवसही अडचण आली नाही.

पुढच्या वर्षी दूध संस्थेच्या सभेत सगळे विषय संपल्यावर मी उभा राहिलो आणि छातीत पाणी नव्हतं, काय होतं, ते सांगितलं. अंघोळीच्या वेळी हात लावून बघत जा, म्हणालो. सभेत कुणी हसलं नाही. बाहेर पडताना माझ्याच वयाचा एक सभासद जवळ आला, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच शर्टाची बटणं सोडली. त्याला दुसऱ्याच दिवशी मी स्वतः लातूरला घेऊन गेलो. त्याची चरबीची साधी गाठ निघाली.

देवाच्या हवाली करणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. मी त्याच्यापुढं देह ठेवायला निघालो होतो, तो त्यानं मला वापरायला परत दिला. ठेवून घेतली ती फक्त माझी लाज.