प्रदीप ऑनसाइट नव्हता

फोन येईल तो परदेशातूनच, अशी मी नऊ वर्षं मनाची तयारी करून ठेवली होती. कुठल्या तरी दरीत पाय घसरला, नाहीतर नाव उच्चारता येणार नाही अशा गावात ताप आला, असंच काहीतरी कानावर पडणार. म्हणून पासपोर्टच्या झेरॉक्स आणि दूतावासांचे नंबर एका फायलीत लावून ठेवले होते. प्रत्यक्षात फोन आला आमच्या विश्रांतवाडीच्या चौकातून. सकाळी दूध आणायला गेलेला माझा धाकटा भाऊ प्रदीप डेअरीसमोर छाती धरून बसला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. छातीत भरून येतंय म्हणाला होता, तेव्हाच डॉक्टरकडे जा म्हणून मी मागे लागले होते, तर म्हणे, बघू गं ताई… दोन महिने होऊन गेले, माझा राग अजून जात नाही.

आमचे वडील, अण्णा, मार्केट यार्डात हमाल होते. कांद्याची, बटाट्याची पोती पाठीवरून वाहून त्यांनी आम्हाला शिकवलं. घराण्यातली पहिली पदवीधर मी. बी.कॉम. झाले, सरकारी कचेरीत लागले, आणि हे सांगताना मी आजही मान खाली घालत नाही. प्रदीप माझ्याही पुढे गेला. इंजिनीअर झाला, पुढे हिंजवडीच्या मोठ्या कंपनीत गेला. गळ्यात ओळखपत्र अडकवून तो कंपनीच्या बसमध्ये चढायचा, तेव्हा अण्णा काही काम नसताना दारात उभे राहायचे. बायकोही कंपनीतलीच केली. वैशाली, हुशार मुलगी. म्हटलं, झालं, आता आपल्या घराची गाडी रुळाला लागली.

आणि एका रविवारी, जेवता जेवता, या दोघांनी जाहीर केलं की आम्ही राजीनामे दिलेत. पाठीवर बॅगा टाकून जग बघायला जाणार. आधी व्हिएतनाम, मग पुढचं पुढे. मी विचारलं, इथे कमी काय आहे? प्रदीप म्हणाला, काहीच कमी नाही, म्हणून तर जातोय. मला वाटलं, अण्णा तरी फटकारतील. अण्णांनी हात धुतले, ती भली मोठी बॅग एका हाताने उचलून पाहिली आणि म्हणाले, "जड सामान तळाशी कुणी भरलंय? कंबर जाईल." मग तासभर सासरे-सून जमिनीवर बसून बॅग पुन्हा भरत होते. जड ते वर, पाठीला चिकटून… चाळीस वर्षांची विद्या अण्णांनी त्या दिवशी सुनेला दिली. मी मात्र स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. बापाने पाठ मोडून मुलाच्या पाठीवरचं ओझं उतरवलं, आणि मुलगा पदरचे पैसे घालून ते पुन्हा चढवतोय. याला काय म्हणायचं?

आठवड्याभरात शेजारच्या जाधवबाईंनी विचारलं, प्रदीप दिसत नाही? माझ्या तोंडून निघून गेलं, ऑनसाइट गेलाय. कंपनीने पाठवलंय. त्या दिवसांत पुण्यात हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस आदराने गप्प बसायचा. माझी चूक झाली ती इथे. कारण हे दोघं एका देशात राहतील तर शपथ! व्हिएतनाम झालं, तुर्कस्तान झालं, जॉर्जिया झालं, मग थेट खाली चिलीला. दर सहा-आठ महिन्यांनी इथे यायचे, मिळेल ते तात्पुरतं काम करायचे, की पुन्हा चालू पडायचे. आणि मी इकडे नकाशा उघडून त्यांच्यामागे कंपनीच्या शाखा काढत बसायची. तळ्याकाठच्या तंबूचा फोटो बघून जाधवबाई म्हणाल्या, हे कंपनीचं गेस्ट हाऊस का? मी म्हटलं, हो, तिकडे असंच असतं.

प्रदीपला हे कळलं ते जाधवबाई मुलाचा बायोडाटा घेऊन त्याच्याकडे आल्या तेव्हा. त्या गेल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला. आमचं आयुष्यातलं खरं भांडण ते एकच.

"मी काय चोरी केली का, ताई? माझं खरं सांगायची तुला लाज वाटते?"

"अण्णांनी पोती वाहिली ती यासाठी?"

"ती पोती दुसऱ्याची होती. ही बॅग माझी आहे." मग म्हणाला, "लोकांना खरं सांगून टाक. मला दुसरं काही नको तुझ्याकडून."

सांगेन म्हटलं. पुढे अण्णा गेले, मी निवृत्त झाले, तरी ते राहूनच गेलं. खोटं एवढं मुरलं होतं की उपसायचं कुठून, तेच कळेना.

प्रदीप गेल्यावर विहारात त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. फोटो मीच निवडून दिला होता, कंपनीतला, टाय लावलेला. आमचे मोठे मामा बोलायला उभे राहिले. म्हणाले, हमालाच्या पोराला कंपनीने सतरा देशांत पाठवलं, तरुणांनी आदर्श घ्यावा. लोक माना डोलावत होते. मग कुटुंबातर्फे बोला म्हणून माझ्या हातात माइक दिला. तीच वेळ होती… मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले. शेजारी बसलेली वैशाली माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "ताई, आज तरी त्याला घरी येऊ द्यायचं होतं."

म्हणून हे लिहिते आहे. प्रदीप ऑनसाइट नव्हता. त्याला कुठल्याही कंपनीने कुठेही पाठवलं नाही. तो आपल्या बायकोबरोबर, आपल्या मर्जीने, आपल्या कमाईवर फिरला. मुक्कामाचे पैसे वाचावेत म्हणून त्याने परक्या देशांत खानावळीची भांडी घासली, संडास धुतले, आणि हे तो हसत सांगायचा. तेव्हा मला ते पटलं नाही आणि पूर्ण पटलंय असं आजही म्हणणार नाही.

टायमधला फोटो मी भिंतीवरून काढला. वैशालीकडून दुसरा मागून घेतला. त्यात तो कुठल्याशा तळ्याकाठी दगडावर बसून पाव खातोय. नाक उन्हाने सोललंय आणि पाठीवर ती बॅग आहे. परवा मामा आले होते. फोटो बघून म्हणाले, "कंपनीची सहल का गं?"

"नाही मामा. नोकरी सोडली होती त्याने. फिरत होता."

"असं… किती दिवस?"

"नऊ वर्षं," मी म्हटलं आणि चहा टाकायला उठले. मामा फोटोजवळ जाऊन चष्मा पुसून पुन्हा बघत होते. सतरा देश फिरला, पण फोटोआधी केसांवरून कंगवा फिरवायला काय झालं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.